भैरवीचं कव्हर

हिंदुस्थानी संगीताच्या एलपीची कव्हरं पाहून चित्रकलेची जाण असलेली माणसं हळहळतात. बारा इंचांचा भरघोस चौकोन हाताशी असताना त्यावर काय छापलं, तर पुन्हा एकदा कलावंताचा फोटो. मांडीवर सतार, हातात सरोद, तोंडाशी सनई. वर नाव, खाली रागांची नावं, कोपऱ्यात कंपनीची खूण. पाश्चात्त्य रेकॉर्डवर चित्रकारांनी केवढी दुनिया उभी केली! 1967 साली बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’साठी पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी नामवंतांची आख्खी गर्दी जमवली. 1973 साली पिंक फ्लॉइडच्या रेकॉर्डवर काळ्या पार्श्वभूमीवर एक लोलक आणि त्यातून फुटणारा प्रकाश एवढंच होतं, गटाचं नावसुद्धा नव्हतं. आमच्याकडे मात्र फोटो.

हा आक्षेप मला पटत नाही, आणि न पटण्याचं कारण काशीत, दूधविनायकाच्या आसपास सापडतं. दूधविनायक, ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा मराठी वस्तीचा भाग. याच टापूत, पंचगंगेला लागून, बालाजीचं देऊळ आहे. तिथे बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षं रियाझ करत. बिहारमधल्या डुमरावला जन्मलेला मुलगा मामाकडे काशीला आला. मामा अलीबक्ष हे विश्वनाथाच्या देवळात सनई वाजवणारे. त्या मुलाने बालाजीच्या देवळात सनई हाती धरली आणि तिथला सूर पुढे देशभर गेला. देवळाकडे जाण्यासाठी तो मुद्दाम कोणती गल्ली धरायचा, हेही प्रसिद्ध आहे: रसूलनबाई आणि बतूलनबाई या बहिणींच्या घरावरून जाणारी. ठुमरी, टप्पा, दादरा कानावर पडावा म्हणून. हे खाँसाहेबांनी स्वतःच सांगून ठेवलेलं आहे.

आता त्यांच्या रेकॉर्डचं कव्हर हाती घ्या. कुठलंही घ्या, बहुतेकांवर तेच दिसतं. डोक्यावर टोपी, अंगात पांढरा पोशाख, ओठांत सनई. मी या फोटोकडे पुन्हा पुन्हा पाहतो, कारण सनईच्या बाबतीत असा फोटो नुसती ओळख करून देत नाही, वादनाचं तंत्रच उघडं करतो. सतारीच्या कव्हरवर बोटं दिसतात, पण मींड तारेच्या ताणात असते आणि ताण फोटोत येत नाही. गवयाच्या फोटोत उघडं तोंड दिसतं, गळ्यात चाललेलं काम दिसत नाही. सनईचं तसं नाही. सनईला ना पडदे, ना चाव्या. लाकडाची निमुळती नळी, तिच्यावर छिद्रं, तोंडाशी नरकटाची रीड आणि टोकाला धातूचा पेला. हे नरकट डुमरावच्या बाजूला सोन नदीच्या काठी मिळतं. षड्जावरून गंधारापर्यंत घसरत जायचं तर छिद्र अर्धंमुर्धं उघडायचं, ओठांचा दाब पालटायचा आणि श्वासाला लगाम घालायचा. हे सगळं चेहऱ्यावर उमटतं. फुगलेला गाल हा हवेचा साठा असतो. नाकाने श्वास घेताना सूर तुटू नये म्हणून त्याच साठ्यातली हवा नळीत लोटली जाते. कपाळावरची आठी एखाद्या कोमल स्वराच्या काठावर थबकल्याची असते. म्हणून खाँसाहेबांचा चेहरा असलेलं कव्हर पाहून मग सुई टेकवली, तर पहिल्याच दीर्घ स्वरात ते गाल ऐकू येतात. याहून अचूक चित्र दुसरं कुठलं काढणार?

पण माझं म्हणणं एवढ्यावर थांबत नाही. फोटो योग्य आहे याचं मूळ कारण रागसंगीताच्या स्वभावात आहे.

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचा अल्बम ही एक नवी, स्वतंत्र कृती असते. ती गाणी त्याआधी जगात नव्हती. त्यामुळे त्या कृतीला स्वतःचा चेहरा लागतो आणि तो चित्रकार देतो. या कामाला सुरुवात करून दिली अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुणाने, अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीत. त्याआधी रेकॉर्डचे संच साध्या, एकरंगी पुठ्ठ्यांत विकले जात. 1940 साली रॉजर्स आणि हार्ट यांच्या गाण्यांच्या संचावर त्याने नाट्यगृहाची दिव्यांनी उजळलेली पाटी आणली आणि रेकॉर्डला दर्शनी भाग मिळाला. आपल्याकडे यमन कुणी नव्याने रचत नाही. यमन आधीपासून आहे, ऐकणाऱ्याच्या मनात त्याचं एक रूपही आहे. रेकॉर्ड घेताना आपला प्रश्न असतो तो हा यमन कुणाचा. फोटो नेमकं त्याचंच उत्तर देतो. भैरवाच्या रेकॉर्डवर उगवता सूर्य आणि मल्हाराच्या रेकॉर्डवर काळे ढग छापले, तर ऐकणाऱ्याला जे ठाऊक आहे तेच पुन्हा सांगितल्यासारखं होतं. शिवाय नुकसानही होतं, कारण त्या ढगांपलीकडचे ढग ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे यायचे राहतात.

याला अपवाद आहेत, आणि चांगले आहेत. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा सर्वांत ठळक. 1967 सालच्या या रेकॉर्डवर शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार आहे. तिच्यामागे उभे होते एचएमव्हीचे गो. ना. जोशी, आपल्या भावगीतांच्या पहिल्या पिढीतले गायक. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत, अशी तिची कल्पना. तिथे रागांना गोष्टीत गुंफलेलं आहे, म्हणजे ती कृतीच नवी आहे. तिला खोऱ्याचं नाव हवं, खोऱ्याचं चित्रही शोभतं. बिस्मिल्ला खाँच्या भैरवीला गोष्ट नाही. तिच्यात एक माणूस आहे आणि त्याचा श्वास आहे.

कव्हरं येण्यापूर्वी आपल्याकडे काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. 78 गतीच्या तव्याला खाकी कागदाची पिशवी असे. मध्ये गोल भोक, त्यातून लेबल वाचता यावं म्हणून. दहा इंची तव्याच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. बनारसच्या सिद्धेश्वरीदेवी, रसूलनबाई यांची ठुमरी घरोघर पोचली ती अशा पिशव्यांतून. त्याही आधीच्या, 1902 पासूनच्या ध्वनिमुद्रणांत गाणं संपता संपता गायिका स्वतःचं नाव उच्चारते. गौहरजानची ती इंग्रजी ललकारी तर दंतकथाच झाली आहे. तवे जर्मनीत छापले जात, तिथल्या कारागिरांना लेबल कुणाचं लावायचं ते कळावं, हा त्यातला व्यवहार. पण आज ऐकताना ते नावच कव्हर वाटतं. तीन मिनिटं पेशकारी, आणि शेवटी डोळ्याला डोळा भिडवून सांगितलेलं नाव. ज्या बायकांना समाज नावाने ओळखायला कचरत होता, त्यांनी आपलं नाव स्वतःच्या आवाजात तव्यावर कोरून ठेवलं. मला हे फार मोठं वाटतं. पुढे ही प्रथा गेली, लेबलवर छापील नाव आलं, आणि ती ललकारी ऐकू येईनाशी झाली.

त्या लेबलवर जे चित्र होतं, त्याबद्दलही बोलायला हवं. भोंग्यापुढे बसलेला कुत्रा. फ्रान्सिस बॅरॉड या इंग्लिश चित्रकाराने आधी त्याच्यापुढे फोनोग्राफ रंगवला होता. 1899 साली कंपनीसाठी त्यावर ग्रामोफोन रंगवून दिला. आपण हे चित्र इतक्या वेळा पाहिलं आहे की आता पाहतच नाही. पुन्हा नीट पाहा. त्यात गाणारं कुणी नाही, वाद्य नाही, रंगमंच नाही. आहे ते फक्त ऐकणं. मान किंचित कललेली, नजर भोंग्याच्या काळोखात रुतलेली, शरीर स्तब्ध. आवाज आहे पण आवाजाचा धनी समोर नाही, हे ध्वनिमुद्रणाचं सारं कोडं त्या मानेच्या कलण्यात आलं आहे. रेकॉर्डवर छापलेली लाखो चित्रं गाणाऱ्याची आहेत, ऐकणाऱ्याचं चित्र एवढं एकच जगभर पोचलं. काशीतल्या गल्ल्यांतही ते फिरलं, ठुमरीच्या पोटाशी चिकटून.

आता मी ज्यासाठी हे लिहायला बसलो त्या चित्राकडे येतो. दूधविनायकावरून ब्रह्माघाटाकडे उतरलं की त्याला लागूनच बुंदी परकोटा घाट आहे. बुंदीच्या राव सुर्जन हाडाचं नाव या घाटाशी जोडलेलं आहे. अकबराच्या काळात या हाडा राजांचा काशीशी आणि चुनारशी घट्ट संबंध होता. चुनार इथून गंगेच्या वरच्या अंगाला चाळीसेक किलोमीटरवर. तिथे 1591 साली एक रागमाला, म्हणजे रागांच्या चित्रांचा संच, रंगवली गेली. चित्रकार तिघे, शेख हुसेन, शेख अली आणि शेख हातिम. मीर सय्यद अली आणि ख्वाजा अब्दुस्समद या मुघल दरबारातल्या उस्तादांच्या हाताखाली शिकलेले. संच बुंदीच्या हाडांसाठी झाला असं अभ्यासक मानतात, आणि बुंदी-कोट्याच्या पुढच्या रागमाला याच वळणावर गेल्या. आज त्याची पानं जगभर विखुरली आहेत. भैरवीचं पान लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

त्या पानावर काय आहे? शंकराची देवळी, लिंग, आणि पूजेत गढलेली एक स्त्री. भैरवीच्या ध्यानात परंपरेने हेच येतं: पाणी, कमळं, हातात टाळ, शिवाचं आराधन. स्वरांचा कुठेही पत्ता नाही. सा, कोमल रे, कोमल ग यांतलं काही चित्रात शोधू गेलं तर मिळणार नाही. रागमालेवर हा आक्षेप जुना आहे. पंडित भातखंड्यांनी राग-रागिणी ही वर्गवारीच बाजूला सारली आणि स्वरांवर उभी अशी थाटांची मांडणी केली. त्यांनी ज्या संगीत परिषदांचा पाया घातला, त्यांतली तिसरी 1919 साली बनारसलाच भरली होती. शास्त्र म्हणून भातखंड्यांचंच बरोबर. भैरवी ही भैरवाची बायको आहे, या माहितीने कुणाचा गंधार सुधारत नाही.

तरीही चुनारच्या चित्रकारांना काहीतरी नेमकं दिसलं होतं. त्यांनी भैरवी गाणारी स्त्री दाखवली नाही. भैरवीत असलेली स्त्री दाखवली. राग तिच्या तोंडी नाही, तिच्या बसण्यात आहे. तिचं सारं लक्ष समोरच्या लिंगाकडे आहे, आपल्याकडे ती पाहत नाही. आपण तिला चोरून पाहतो आहोत असं वाटतं, आणि कुणाची एकांतातली भैरवी कानावर पडली की अगदी हेच वाटतं. त्याच दशकात दख्खनमध्येही रागमाला रंगवल्या जात होत्या. त्यांतली हिंदोळाची वगैरे चित्रं अहमदनगरच्या निजामशाहीशी जोडली जातात. हिंदोळाला झोका, तोडीला वीणा आणि हरणं, आसावरीला साप. प्रत्येक ठिकाणी चित्रकाराने स्वर सोडून दिले आणि तो राग ज्या अवस्थेत माणसाला नेतो ती अवस्था धरली. संगीताच्या कव्हरचं काम यापेक्षा वेगळं काय असू शकतं? रागमाला हा आपला कव्हरांचा पहिला संच, तवे निघण्यापूर्वी तीनशे वर्षांचा.

आणि आता ते पान मनात ठेवून बालाजीच्या देवळात चला. पहाटेची वेळ, समोर गंगा, देवळी, आणि सुरात गढलेला एक माणूस. पाच वेळा नमाज पढणारा शिया मुसलमान, बालाजीच्या दारात सनई घेऊन बसलेला. वाजवतानाही तो कुणाकडे पाहत नाही. चुनारच्या चित्रकारांनी जी अवस्था कागदावर धरली होती, ती चाळीस किलोमीटर खाली, साडेतीनशे वर्षांनी, हाडामांसाची झाली. कव्हरावरचा तो साधा फोटो आणि रागमालेतलं ते पान ही मला दोन वेगळी चित्रं वाटत नाहीत. टोपी घातलेला तो चेहरा हीच भैरवीची मूर्ती आहे, फक्त कॅमेऱ्याने काढलेली. म्हणूनच मी वर म्हटलं की फोटो पुरतो. पण तो पुरतो तो हे नातं दिसत असेल तरच. नाहीतर तो केवळ ओळखपत्राचा फोटो होतो, आणि तसे झालेले फोटोही कव्हरांवर पुष्कळ आहेत: स्टुडिओत बसवलेले, वाद्य नुसतं हाती धरलेले, कॅमेऱ्याकडे पाहणारे. कॅमेऱ्याकडे पाहिलं की भैरवी संपली.

देवाच्या चित्रांचं कव्हर हे असंच नाजूक प्रकरण. जिमी हेंड्रिक्सच्या 1967 च्या ‘अ‍ॅक्सिस: बोल्ड अ‍ॅज लव्ह’ या अल्बमवर विराट्‌स्वरूप विष्णूचं आपल्या भिंतीवर असतं तसं कॅलेंडरचं चित्र घेऊन त्यात हेंड्रिक्स आणि त्याच्या साथीदारांचे चेहरे बसवले आहेत. हेंड्रिक्स थोर वादक होता, त्याच्या गिटारचा आदर मला आहेच. पण आतल्या संगीताचा आणि त्या विश्वरूपाचा काही संबंध लागत नाही, आणि खुद्द हेंड्रिक्सलाही तो लागला नाही. त्याचं म्हणणं होतं की आपल्या अमेरिकन इंडियन वंशाची खूण तिथे हवी होती. इंडियन म्हटल्यावर भलतेच इंडियन आले. तीस वर्षांनी एरोस्मिथ या गटाने कालियामर्दनाच्या कृष्णाला मांजराचं तोंड लावलं. निषेध झाल्यावर ते कव्हर बदलावं लागलं. दोन्ही ठिकाणी दुखणं एकच: चित्र ऐकून काढलेलं नव्हतं.

काशीच्या वाट्याला आज हेच येतं आहे, फक्त त्यावर निषेध होत नाही. मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढा चौकोन उरला आहे आणि त्यात घाट छापला जातो: द्रोणातला दिवा, धुक्यातली नाव, छत्रीखालचा साधू. झोप लागण्यासाठीचं संगीत असो, योगासनांचं असो, कुणी कुठे वाजवलेली सतार असो, घाट तोच. काशी ही जणू गूढपणाची सार्वजनिक मालमत्ता. जुनी सनईची ध्वनिमुद्रणं पुन्हा बाजारात येतात तेव्हाही पुष्कळदा चेहरा काढून मावळता सूर्य टाकतात. हा बदल मला अन्यायाचा वाटतो. त्या सनईतलं जे काशीचं आहे, ते दिव्यांत नाही. पूरबी अंगाच्या बोलबनावात आहे, चैती-कजरीच्या वळणात आहे, रसूलनबाईंच्या गल्लीतून चालत जाण्यात आहे. खाँसाहेबांची कजरी ऐकली की ओठांवर शब्द येतात, कारण ते वाजवत नाहीत, गातात. घाटाचा फोटो त्यातलं काहीच सांगत नाही, चेहरा सांगतो.

महाराष्ट्राने या सनईला एक निराळंच कव्हर दिलं. मंगल कार्यालयांत प्रत्यक्ष सनई-चौघडा परवडेना तेव्हा बिस्मिल्ला खाँची कॅसेट लागली, आणि दोन पिढ्यांची लग्नं त्या सुरांवर लागली. तिथे कॅसेटचं कव्हर कुणी पाहत नसे, रागाचं नाव कुणी विचारत नसे. पण लग्नपत्रिकेवर गणपतीच्या खाली सनई-चौघड्याचं छोटंसं चित्र असतं, ते पाहताक्षणी कानात जो सूर उमटतो तो बहुतेकदा काशीचाच. सनई घरोघर नेण्यात ‘गूँज उठी शहनाई’चाही वाटा मोठा. 1959 सालच्या त्या चित्रपटाचं संगीत आपल्या वसंत देसाईंचं, आणि सनई खाँसाहेबांची. पत्रिकेवरचं ते चित्र कुणा नामवंताने काढलेलं नसतं, छापखान्यातला ठरलेला ठसा असतो. तरी चित्र आणि संगीत यांचं नातं तिथे जितकं पक्कं जुळलं आहे तितकं महागड्या कव्हरांवर क्वचित जुळतं.

फोटोच्या बाजूने एवढं बोलल्यावर त्याची उणीव सांगणं माझं कर्तव्य आहे. फोटो एकाचा असतो, सनई मात्र एकट्याची नसते. दुसरा सनईवाला फक्त सूर धरून बसतो. त्याने श्वास चुकवला तर सगळी भैरवी कोसळेल. जवळ खुरदक असतं, मागे सुरावट उचलणारे आणखी दोघे-तिघे. जुन्या तव्यांवर त्यांच्यासाठी ‘आणि पार्टी’ एवढाच मजकूर असे. एलपीवर तबल्याचं नाव आलं, तर तेही बारीक टायपात. ज्या गावाने कंठे महाराज, अनोखेलाल, सामताप्रसाद आणि किशन महाराज दिले, त्या गावच्या कलेच्या वाट्याला कव्हरच्या तळाची ओळ यावी, हे मला कधीच रुचलेलं नाही. जुगलबंदीच्या रेकॉर्डनी यात थोडं न्यायाचं पाऊल टाकलं. विष्णू गोविंद जोग यांचं व्हायोलिन आणि खाँसाहेबांची सनई यांची जुगलबंदी ऐकावी. गज आणि श्वास एकमेकांची लांबी मोजत जातात, आणि मराठी वादकाच्या गजात बनारसची कजरी उतरलेली ऐकू येते. तिथे दोघांची नावं बरोबरीने येतात, कारण त्यातलं एक वगळून त्या संगीताला नावच देता येत नाही. हाच नियम सूर धरणाऱ्याला लावला, तर चेहऱ्याच्या त्या कव्हरला माझी काहीच हरकत उरणार नाही. पुढच्या बाजूला खाँसाहेब राहोत, आणि मागच्या बाजूला रागाविषयीच्या इंग्रजी मजकुराच्या आधी, त्याच टायपात, ‘पार्टी’तल्या प्रत्येकाचं नाव, वाद्य आणि गाव.